तुरुंगाऐवजी शास्ती

भुसावळ जंक्शनावरील नित्याचीच गोष्ट घ्या. बिनतिकिटाने आलेला एक उतारू तपासनिसास भाडे व जादा आकार देऊन घरी जातो. फसविण्याच्या हेतूने आलेला दुसरा मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहतो. 1989 च्या रेल्वे कायद्याने या दोन वाटा निराळ्या ठेवल्या. चूक आणि लबाडी एकाच काठीने हाकू नये, हे त्यातील तत्त्व आम्हांस सर्वथा मान्य आहे.

2023 च्या जनविश्वास कायद्याने हेच तत्त्व व्यापारास लावले. त्याने 42 कायद्यांतील 183 तरतुदी बदलल्या. कित्येक ठिकाणी कैद काढून शास्ती ठेवली व ती ठरविण्याचे काम न्यायाधीशाऐवजी अधिकाऱ्यास दिले. अन्नाच्या बाबतीत हा पालट त्याआधीच झाला होता. 1954 च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली लेबलाचा दोषही फौजदारी कोर्टात जाई. 2006 च्या कायद्याने त्यास तीन लाखांपर्यंत, व कमी प्रतीच्या मालास पाच लाखांपर्यंत शास्ती ठेवली. जिवास अपायकारक अन्नास कैद कायम राखली. लेबलाच्या चुकीपायी दुकानदाराने वर्षानुवर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहू नये, हे न्याय्यच होय.

परंतु व्यापारी बंधूंनी एवढ्यावर हुरळून जाऊ नये. फौजदारीत गुन्हा निःसंशय शाबीत करण्याचा बोजा सरकारवर असतो. शास्तीच्या कामी मात्र नियमभंग दिसला की सामान्यतः पुरे, हेतू पाहण्याचे कारण नाही, असे सुप्रीम कोर्टाने 2006 साली सेबीच्या एका प्रकरणात ठरविले. एका अपराधास दोन शिक्षा नकोत, हे घटनेचे अभयही येथे तोकडे पडते. मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात कस्टम खात्याने सोने जप्त केल्यावरही फौजदारी खटला चालू शकतो, असा निकाल 1953 सालीच झाला.

शिवाय पाच लाख हा बड्या कारखानदारास धंद्याचा खर्च, तर छोट्या किराणा दुकानदारास दिवाळ्याचा उंबरठा. नफा, नुकसान व पुनरावृत्ती पाहून रक्कम ठरवावी, असे 2006 चा कायदा सांगतो. पण ते कागदावर राहिले तर काय उपयोग?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. नोटिशीत आरोप नीट लिहावा, उत्तरास पुरेसा वेळ द्यावा, तपास करणारा व निर्णय देणारा निराळा असावा, निकालात कारणे असावीत आणि अपील आवाक्यात असावे. व्यापाऱ्यांनीही पैसे भरून मोकळे होण्याची घाई न करता उत्तर लेखी द्यावे. कैद काढली, ठीक केले. तिच्यासोबत न्यायाची हमी काढून घेऊ नये.