नाव राखताना

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतून नागसेनवनाच्या बाजूनं पुढं गेलं की विद्यापीठाचा परिसर लागतो. तिथल्या नाट्यशास्त्र विभागात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून मुलं-मुली येतात, आवाज आणि अभिनय घडवतात, मग मुंबई गाठतात. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्यानं उभं करणारे डॉ. लक्ष्मण देशपांडे इथलेच प्राध्यापक. नाव कसं कमवायचं, हे या शहराला चांगलं ठाऊक आहे. कमावलेलं नाव जपायचं कसं, हा प्रश्न मात्र आपण अजून ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडतो.

बाईच्या नशिबावर तर फारच. 1913 साली 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, तेव्हा चित्रपटात काम करणं हीच बदनामी होती. दुर्गा खोटे यांचा अनुभव अधिक बोलका आहे. 1931च्या 'फरेबी जाल'मध्ये त्यांची भूमिका लहानशी होती आणि उरलेल्या चित्रपटात काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती. चित्रपट लागला आणि बोल लागला तो त्यांना, त्यांच्या घराण्याला. पुढच्याच वर्षी 'प्रभात'साठी शांतारामांनी दिग्दर्शित केलेल्या 'अयोध्येचा राजा'तली तारामती त्यांनी केली आणि लोकांची नजर बदलली. पण प्रत्येकीला शांताराम भेटत नाहीत. म्हणून संपूर्ण संहिता मागून घ्यावी; ती द्यायला जो कचरतो त्याच्याकडचं काम सोडलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिसेंबर 2024मध्ये शेजारच्या बीडमधलं राजकारण पेटलं होतं. आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी जिल्ह्यातल्या परळीच्या कार्यक्रमांबद्दल बोलताना अभिनेत्रींची नावं घेतली, त्यात प्राजक्ता माळी यांचंही होतं. माळी यांनी पत्रकार परिषद घेतली, राज्य महिला आयोगाकडे तक्रार केली आणि एक सवाल जाहीरपणे विचारला: परळीच्या कार्यक्रमांना पुरुष कलाकारही जातात, मग त्यांची नावं का निघत नाहीत? महिना संपायच्या आत धस यांनी दिलगिरी व्यक्त केली. गप्प बसलं की चर्चा आपोआप विरते, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला मायेचा असतो, पण मोबाइलच्या काळात तो घातक आहे. आपण बोललो नाही, तर आपली गोष्ट दुसराच कुणीतरी सांगून मोकळा होतो.

आता तर चेहरा आणि आवाजही उचलले जातात. अनिल कपूर यांना 2023मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं नाव, आवाज, प्रतिमा आणि थेट 'झकास'सुद्धा परवानगीशिवाय वापरण्याविरुद्ध संरक्षण दिलं. 2025मध्ये आशा भोसले यांना कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेल्या आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाची दारं ठोठवावी लागली. पहिल्या मालिकेच्या पैशांवर खोलीचं भाडं भरणारी मुलगी एवढा मोठा वकील कुठून आणणार?

तिच्या हाती वेगळी साधनं आहेत, आणि ती तिला माहीत हवीत. मानधन, नाजूक दृश्यांच्या अटी, छायाचित्रं आणि आवाज कुठं वापरणार हे सगळं लेखी घ्यावं. ठरलेलं बोलणं निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवावं, ते पुसू नये. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहे. कामावरच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहा किंवा अधिक माणसांच्या निर्मितीसंस्थेत अंतर्गत समिती असणं 2013च्या कायद्यानं बंधनकारक आहे. ती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आणि तक्रारीची साधारण मुदत तीन महिन्यांची. नाट्यशास्त्राच्या वर्गात रंगभूषेच्या तासाशेजारी करार वाचण्याचाही एक तास ठेवावा, आणि तो पहिल्याच वर्षी असावा.