टीव्हीमागची स्टिक : समज आणि वस्तुस्थिती

टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या खाचेत बसणाऱ्या बोटभर स्टिककडून घरोघरी दोन अपेक्षा असतात : चित्र सुधारेल आणि सगळं फुकट दिसेल. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर धोक्याची. या दोन समजांपायी लोकांचे पैसे नको तिथे खर्च होतात, म्हणून हा विषय जरा नीट उलगडायला हवा.

स्टिक म्हणजे पडदा नसलेला छोटा संगणक. प्रोसेसर, मेमरी आणि वायफाय, एवढंच तिच्यात असतं. इंटरनेटवरून ती आक्रसलेल्या रूपातला व्हिडिओ मागवते, उलगडते आणि टीव्हीच्या हवाली करते. रोकू कंपनीने २००८ मध्ये नेटफ्लिक्ससाठी असा पहिला डबा बाजारात आणला. २०१३ मध्ये गुगलने ३५ डॉलरचं क्रोमकास्ट आणून तो डबा डोंगलएवढा केला. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७ मध्ये आली. नावं अनेक असली तरी काम तेच.

आता चित्राचं. '४के स्टिक घेतली, आता ४के दिसणार' हा समज सर्वांत महाग पडतो. आपल्याकडच्या बहुतेक ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हींच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. ४केला ३८४० आणि २१६० लागतात. पडद्यावर जे ठिपकेच नाहीत, ते कुठलीही स्टिक निर्माण करू शकत नाही. टीव्ही ४के असला तरी वर्गणीचा प्लॅन ४केचा हवा. नेटफ्लिक्सचा भारतातला सर्वांत स्वस्त मोबाइल प्लॅन तर टीव्हीवर चालतच नाही. शिवाय चोरी रोखण्यासाठी ४के चित्राला एचडीसीपी २.२ हे कुलूप असतं. टीव्हीच्या सगळ्याच एचडीएमआय खाचांना त्याची किल्ली असेल असं नाही, म्हणून एका खाचेत धूसर दिसणारी मालिका शेजारच्या खाचेत स्वच्छ दिसू शकते. खर्च करण्याआधी खाच बदलून पाहावी. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलने मात्र काही फरक पडत नाही. डिजिटल संदेश एक तर नीट पोहोचतो, नाही तर चित्र तुटतं किंवा जातं. रंग 'जास्त खुलणं' तिथे संभवतच नाही.

'मोबाइलवरून टीव्हीवर टाकलं की मोबाइलचा डेटा आणि बॅटरी संपते' हे अर्धसत्य आहे. ॲपमधलं कास्टचं चिन्ह दाबलं, की मोबाइल स्टिकला फक्त व्हिडिओचा पत्ता कळवतो. पुढे स्टिक तो व्हिडिओ घरच्या वायफायवरून स्वतः आणते आणि मोबाइल निव्वळ रिमोट उरतो. स्क्रीन मिररिंगची गोष्ट वेगळी. तिथे मोबाइलचा अख्खा पडदा क्षणाक्षणाला टीव्हीकडे जातो, त्यामुळे मोबाइल तापतो, बॅटरी उतरते आणि चित्रही अडखळतं. घरी ब्रॉडबँड नसेल आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर स्टिक चालवली, तर डेटा अर्थातच मोबाइलचा जातो. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांप्रमाणे एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर एचडी सिनेमा मध्यंतराच्या आसपास थांबला, तर दोष स्टिकचा नसतो.

चित्र थांबून चक्र गोल गोल फिरत राहिलं, की लोक ब्रॉडबँडचा प्लॅन वाढवतात. १००चा २०० एमबीपीएस करतात आणि तरीही चक्र फिरतच राहतं. नेटफ्लिक्सची शिफारस १०८०पी चित्रासाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएसची आहे. म्हणजे १००चं कनेक्शन भरपूर झालं. खोळंबा होतो तो राउटर आणि टीव्ही यांच्या मधल्या दहा-पंधरा पावलांत. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर दूरवर जाते, पण त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही असतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गर्दी कमी आणि वेग जास्त, पण सिमेंटची जाड भिंत किंवा वाड्याची दगडी भिंत आली की ती लहर लवकर क्षीण होते. त्यात स्टिक टीव्हीच्या पाठीमागे, पडदा आणि भिंत यांच्या बेचक्यात दडलेली असते. म्हणूनच बऱ्याच स्टिकबरोबर एचडीएमआयचा वीतभर जोड येतो. बहुतेक घरी तो खोक्यातच राहतो, आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते. तो लावून स्टिक टीव्हीच्या कडेला आणली तरी पुष्कळदा काम भागतं. विजेचंही तसंच. टीव्हीच्या साध्या यूएसबी खाचेतून अनेकदा अर्धा अँपिअर मिळतो, तर स्टिकला साधारण एक अँपिअर लागतो. अधूनमधून स्टिक आपोआप बंद होऊन सुरू होत असेल, तर तिच्यासोबत आलेला ॲडॉप्टर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून पाहा.

क्रिकेटच्या सामन्यात शेजारच्या घरात आधी जल्लोष होतो आणि आपल्याकडे षटकार नंतर दिसतो, यातही बिघाड काही नाही. इंटरनेटवरचा व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो, आणि खंड पडू नये म्हणून असे अनेक तुकडे आधीच साठवले जातात. तेवढा वेळ आपण केबल आणि डिशच्या मागे असतो. महागडी स्टिक घेतली तरी हे अंतर मिटत नाही.

सर्वांत कळकळीने सांगावंसं वाटतं ते 'सगळे चॅनेल, सगळे सिनेमे, वर्गणी नाही' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या अँड्रॉइड बॉक्सबद्दल. 'अँड्रॉइड म्हणजे गुगलचंच, मग भीती कसली?' असं लोक म्हणतात. अँड्रॉइडचा मूळ गाभा कोणालाही मोफत घेता येतो, त्यामुळे असा बॉक्स गुगलने कधी तपासलेलाही नसतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशाच बाधित उपकरणांच्या 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. जुलैमध्ये गुगलने न्यूयॉर्कच्या न्यायालयात ते चालवणाऱ्यांविरुद्ध दावा लावला. त्यात एक कोटीहून अधिक उपकरणं बाधित असल्याचं म्हटलं होतं. घातक प्रोग्रॅम काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच येतो, काहींत सुरुवातीला डाउनलोड करायला लावलेल्या ॲपमधून शिरतो. मग दूरचा कोणी अनोळखी माणूस आपलं घरचं कनेक्शन वापरून जाहिरातींत फसवणूक करू शकतो किंवा दुसऱ्यांच्या खात्यांवर हल्ले चढवू शकतो, आणि माग काढणाऱ्याला पत्ता सापडतो तो आपला. त्याच वायफायवर आपला बँकेचा मोबाइलही असतो. बॉक्स चालू करताना 'प्ले प्रोटेक्ट (गुगलची ॲप-तपासणी) बंद करा' किंवा अनोळखी दुकानातून ॲप घ्या असं सांगितलं जात असेल, तर तो परत करावा. आधीच घेतला असेल तर वायफायवरून काढून टाकावा.

कोडी हे ॲप मात्र या प्रकरणात विनाकारण बदनाम झालं आहे. हार्डडिस्कवरचे स्वतःचे व्हिडिओ, लग्नाची चित्रफीत, फोटो टीव्हीवर लावण्यासाठी ते उत्तम आणि पूर्ण कायदेशीर आहे. चोरीचा माल येतो तो त्यात बाहेरून घुसवलेल्या जोडण्यांतून. आणि फुकटच पाहायचं असेल, तर सरळ मार्गही आहेत. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात 'वेव्ह्ज' हे ॲप सुरू केलं. त्यात दूरदर्शनचा जुना ठेवा पाहायला मिळतो.

'स्मार्ट टीव्ही आहे, मग स्टिक कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. टीव्ही नवा आणि चपळ असेल तर स्टिकची गरज नाही. पण टीव्हीचा पडदा दहा वर्षं टिकतो आणि त्यातलं सॉफ्टवेअर बरंच आधी म्हातारं होतं. अशा वेळी एखादं ॲप चालेनासं झालं म्हणून पन्नास हजारांचा टीव्ही बदलू नये, स्टिक जोडावी. स्टिकलाही वय असतंच. मार्च २०२५ मध्ये २०१५ सालची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर एकाएकी बंद पडली. तिच्यातल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गुगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली आणि तोवर फॅक्टरी रीसेट करू नका असं सांगितलं. ज्यांनी घाईने आधीच रीसेट केलं होतं, त्यांची उपकरणं पुन्हा जोडली जाईनात. अचानक काही बंद पडलं, तर रीसेटकडे वळण्याआधी प्लग काढून पुन्हा लावावा आणि दोन दिवस वाट पाहावी.