सावळी कातडी आणि प्रकाशाचा चटका

केस काढण्याची ‘आयपीएल’ यंत्रं आता उंब्रजसारख्या महामार्गावरच्या गावातही घरपोच मिळतात. सोबतच्या पत्रकातला त्वचेच्या रंगांचा तक्ता मात्र फार कमी जणी पाहतात, आणि खरी गोम तिथेच आहे.

हे यंत्र प्रखर प्रकाशाचा झोत टाकतं. केसातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य तो शोषून तापतं आणि मुळाला इजा होते. ठरावीक रंगद्रव्यच प्रकाशाने तापवायचं, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलं. पण मेलॅनिन कातडीतही असतं. सावळ्या कातडीत बरीच उष्णता वरच्यावरच अडकते. मग लाली, फोड, कधी यंत्राच्या काचेच्या मापाचा चौकोनी चट्टा. फोड बरा होतो. मागे उरलेला काळसर डाग महिनोन्‌महिने हटत नाही. उसात राबणाऱ्या बाईचा हात कोपराखाली रापलेला, दंड उजळ. प्रखरतेच्या एकाच पातळीवर यंत्र फिरवलं, तर दंड सुखरूप राहील आणि मनगट पोळेल.

हनुवटीची मला जास्त काळजी वाटते. तिथे या प्रकाशाने काही जणींचे केस कमी होण्याऐवजी उलट वाढतात. पाळीही अनियमित असेल, तर हनुवटीवरच्या केसांमागे संप्रेरकांचं कारण असू शकतं; आधी डॉक्टरांना दाखवा. तीळ आणि गोंदण टाळाच. आधी सर्वांत कमी पातळीवर छोट्याशा जागी वापरून एक दिवस थांबा. चटका बसलाच, तर ती जागा २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच.