भारतीय चित्रपट व्यवसाय : शासकीय नियमन आणि प्रोत्साहन

प्रास्ताविक :
चित्रपट ही कला आहे, व्यवसाय आहे आणि लोकमत घडविणारे प्रभावी माध्यमही आहे. त्यामुळे शासन त्याकडे एकाच वेळी आस्थेने आणि संशयाने पाहते. भारतात चित्रपटांचे नियमन व प्रोत्साहन ही दोन्ही कार्ये प्रामुख्याने केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. या दुहेरी भूमिकेचे स्वरूप आणि तीतून उद्भवणारा प्रश्न स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नियमन :
ब्रिटिश सरकारने १९१८ च्या कायद्याने सुरू केलेली पूर्वपरीक्षणाची पद्धत स्वतंत्र भारतात सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ ने कायम ठेवली. राज्यघटनेच्या कलम १९(२) मधील वाजवी निर्बंध हा तिचा आधार होय. के. ए. अब्बास खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरविले, मात्र एस. रंगराजन खटल्यात (१९८९) निदर्शनांच्या वा हिंसाचाराच्या धमकीमुळे अभिव्यक्तीस्वातंत्र्य दडपता येणार नाही, असेही स्पष्ट केले.

१९८३ मध्ये मंडळाच्या इंग्रजी नावातील ‘सेन्सॉर’ हा शब्द जाऊन ‘सर्टिफिकेशन’ हा शब्द आला. परंतु दृश्ये वगळण्यास सांगण्याचा अधिकार कायम राहिला. मंडळाने केवळ वयोगटानुसार वर्गीकरण करावे, ही श्याम बेनेगल समितीची २०१६ मधील शिफारस होती. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ वर्गात ७, १३ व १६ वर्षे असे टप्पे आले, चौर्याविरुद्धच्या तरतुदी कठोर झाल्या. कात्री मात्र मंडळाच्या हाती राहिली. त्यापूर्वी २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरण रद्द झाल्याने निर्मात्यास थेट उच्च न्यायालयात जावे लागते. अल्प भांडवलाच्या निर्मात्यास हा मार्ग परवडणे कठीण आहे.

प्रोत्साहन :
स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीच्या १९५१ च्या अहवालाने प्रोत्साहनाची दिशा दाखविली. १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन व पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट, तर १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. ‘भुवन शोम’ (१९६९) सारखा चित्रपट या कर्जसाहाय्यातूनच उभा राहिला. महाराष्ट्र शासनाने सत्तरच्या दशकात करपरताव्याची योजना आणून मराठी निर्मितीस आधार दिला. १९९८ मध्ये चित्रपटास उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा झाल्याने संस्थात्मक वित्तपुरवठ्याचा मार्ग खुला झाला. २००४ पासून गोव्यात भरणारा आंतरराष्ट्रीय महोत्सव हाही याच धोरणाचा भाग आहे. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन, संग्रहालय, बालचित्र समिती आणि महोत्सव संचालनालय यांची कार्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपविण्यात आली.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रोत्साहनाच्या संस्था एकवटत गेल्या, तर नियमनाविरुद्ध दाद मागण्याचा सुलभ मार्ग आक्रसला. साहाय्य देणारा व परवानगी देणारा एकाच मंत्रालयाचा असेल, तर निर्माता नकाराची वाट न पाहता स्वतःच विषय टाळू लागण्याचा धोका असतो; आणि न निर्माण झालेल्या चित्रपटाची नोंद कोणत्याही संग्रहालयात होत नाही. म्हणूनच प्रमाणन मंडळास खरी स्वायत्तता आणि निर्मात्यास अल्पखर्चिक अपिलाची सोय, या दोन गोष्टी कोणत्याही अनुदानाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.