बाबा गाडीवर, घरात दोन आजारी लेकरे

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरचे गाव. अशा गावांत बऱ्याच घरांतले एक माणूस कायम बाहेर असते. कोणी ट्रकवर, कोणी पुण्याला कंपनीत, कोणी हैदराबादला बांधकामावर. मागे राहते ती तरुण आई, दोन लहान लेकरे आणि असल्यास सासू. लेकरे हसती-खेळती असतात तोवर सगळे निभावते. दोन्ही एकदम आजारी पडली की मात्र एकाच बाईला आई, नर्स आणि घरातले कर्ते माणूस अशी तिन्ही कामे एका रात्रीत करावी लागतात.

अशाच एका घरातली एक रात्र पाहू. हे घर कोणा एकाचे नाही. सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात ते दर हिवाळ्यात वेगवेगळ्या नावांनी येते.

डिसेंबरचे दिवस. नवरा कापसाच्या गाठी घेऊन गुजरातकडे गेलेला. दुसऱ्या दिवशी चार वर्षांच्या मुलाला उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. त्याच्या पुढच्या दिवशी संध्याकाळी अकरा महिन्यांच्या बाळालाही तेच, वर ताप. भावंडांमध्ये असे एकामागून एक होणे नेहमीचेच. रोटा विषाणूची लागण झाल्यावर साधारण एक ते तीन दिवसांत लक्षणे दिसतात आणि एकाचे लंगोट बदललेल्या हातांनी तो दुसऱ्यापर्यंत सहज पोहोचतो. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दिली जाणारी रोटाव्हायरसची लस गंभीर आजारापासून बरेच संरक्षण देते, पण जुलाबाची कारणे अनेक असतात.

रात्री नऊ वाजता सासूबाई म्हणतात, “पाणी पाजू नको गं, पाण्यानं जुलाब वाढायलेत.” नवऱ्याचा फोन लागत नाही. चूक इथूनच सुरू होऊ शकते.

जुलाब थांबवायचे नाहीत, पाणी भरून काढायचे

साठ किलोच्या माणसाच्या अंगातले तीन लिटर पाणी गेले, तर ते त्याच्या वजनाच्या पाच टक्के होते. आठ किलोच्या बाळाला तेवढ्याच टक्क्यांसाठी ४०० मिलिलिटर पाणी गमावणे पुरते, म्हणजे जेमतेम दोन पेले. पाण्यासारख्या जुलाबांत आणि उलट्यांत इतके पाणी काही तासांत जाते. दहा टक्क्यांपर्यंत गेले की जीव धोक्यात येतो. लहान लेकरू सकाळी खेळते आणि संध्याकाळी मान टाकते, त्यामागे हा हिशेब असतो.

मग पाण्याने जुलाब वाढतात का? नाही. जुलाबात आतड्याची शोषून घेण्याची ताकद कमी होते, पण एक वाट उघडी राहते. साखर (ग्लुकोज) आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र आले, की आतडे दोन्ही आत ओढून घेते आणि त्यांच्यामागे पाणीही आत येते. ओआरएस त्यावरच चालते.

हे किती प्रभावी आहे ते १९७१ साली जगाने पाहिले. बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. सलाइन अपुरे, हात त्याहून अपुरे. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजची पाकिटे तयार करून घेतली आणि ते पाणी पाजायचे काम रुग्णांच्या नातेवाइकांकडे सोपवले. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. पेला हातात धरून बसणारे डॉक्टर नव्हते. त्या आया, बहिणी आणि आज्या होत्या. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

पाकीट पूर्ण फोडून, त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात कालवावे. मोठे पाकीट बहुधा एक लिटरचे असते. पेल्याभर पाण्यात अर्धे पाकीट टाकले तर द्रावण खारट होते आणि उलट अपाय होतो. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी हळू. कालवलेले पाणी २४ तासांनंतर फेकून द्यावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे मऊ अन्न बंद करू नये. सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, सहा महिन्यांवरील मुलांना रोज २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी त्या पूर्ण द्याव्यात. मोठ्यांच्या जुलाब थांबवण्याच्या गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत.

दुकानात डब्यात मिळणारे गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. त्यात साखर जास्त असते आणि त्याने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. खरी पाकिटे आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळतात.

‘एक चमचा दे’ म्हणजे किती?

दहा वाजता नवऱ्याचा फोन येतो. “तापाची बाटली कपाटात हाये बघ. एक चमचा दे.” त्याला काळजी आहे, पण त्याच्यासमोर बाटली नाही.

पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो. दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आठ किलोच्या बाळाला एका वेळी जास्तीत जास्त १२० मिलिग्रॅम. बाजारात एक सिरप पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे असते, दुसरे तेवढ्यातच २५० मिलिग्रॅमचे. काही थेंबांच्या बाटल्यांत तर एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे तोच पाच मिलिलिटरचा चमचा पहिल्या बाटलीचा बरोबर, दुसरीचा दुप्पट आणि थेंबांचा चौपट. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय डोस सांगू नये आणि देऊही नये. मुलाचे ताजे वजन अंगणवाडीतून विचारून भिंतीवर लिहून ठेवावे.

कपाटातली खोकल्याची जुनी बाटली तर बाहेरच काढू नये. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी कित्येकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, अशी सूचना काढली.

शांत झोपलेले लेकरू

मध्यरात्र उलटते. बाळ रडते आहे, अंगावर पिते आहे, पुन्हा रडते आहे. सगळे लक्ष त्याच्याकडे. चार वर्षांचा थोरला मात्र कोपऱ्यात झोपला आहे. सासूबाईंना हायसे वाटते, “ह्यो तरी निजला एकदाचा.”

आईने संध्याकाळपासून एक साधे काम केले होते. कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने पाडून, प्रत्येक लेकराला किती जुलाब झाले, किती उलट्या झाल्या, काय पाजले आणि शू केव्हा केली, एवढे ती लिहीत होती. एक वाजता तिने कागद पाहिला. बाळाने नऊनंतर दोनदा शू केली होती. थोरल्याच्या रकान्यात दुपारी चारनंतर काहीच नव्हते.

तिने त्याला हलवले. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. ओआरएसचा चमचा ओठांशी नेला तर त्याने तोंड उघडले नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू खाली बसली. ज्याची काळजी मिटली असे वाटत होते, धोका त्यालाच होता.

दोन लेकरे आजारी असताना हे हमखास घडते. रडणारे लेकरू लक्ष वेधून घेते, पण रडायची ताकद संपलेले लेकरू गप्प पडून राहते. म्हणून दर दोन-तीन तासांनी दोघांनाही जागे करून पाहावे. पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी सकाळची वाट पाहू नये.

• काहीच न पिणे किंवा प्यायलेले सगळे ओकून टाकणे
• झटका येणे
• सुस्ती, हाक मारल्यावर नीट जागे न होणे
• सहा-आठ तासांत लघवी न होणे, डोळे खोल जाणे, चिमटीतली कातडी हळू बसणे
• शौचात रक्त
• श्वास जलद होणे किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे
• दोन महिन्यांखालील बाळाला कोणताही ताप

श्वास मोजायला यंत्र लागत नाही. मूल शांत असताना पोट-छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास.

घरच्या बाईला हे जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी गडचिरोली आठवावी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे अक्षरओळख नसलेल्या सुईणींनाही न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेले साधन बनवले. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज आशाताई घरी येऊन बाळाला पाहतात, त्याची पाळेमुळे या कामात आहेत.

निर्णय कोणाचा?

थोरल्याला रुग्णालयात न्यायला हवे, हे आईला कळले. पण नवरा पुन्हा गाडी चालवतो आहे, फोन उचलत नाही. सासूबाई म्हणतात, “त्याला इचारल्याबिगर रातीचं कुठं जाती?”

उपचाराला होणाऱ्या उशिराचे सार्वजनिक आरोग्यशास्त्रात तीन टप्पे मानतात. जायचे ठरवायला उशीर, पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. ही मांडणी मुळात बाळंतिणींच्या मृत्यूंबाबत झाली, पण आजारी लेकरांनाही तंतोतंत लागू पडते. यातला पहिला टप्पा घरातच कमी करता येतो, तोही एक रुपया न खर्चता. परगावी जाणाऱ्याने निघतानाच सर्वांदेखत सांगावे, “लेकराला न्यावं वाटलं तर मला विचारू नको, घेऊन जा. मी मागून येतो.” एवढ्या एका वाक्याने पुढचे कितीतरी तास वाचतात. बाहेर जाणारी आई असेल आणि घरी बाप, तर त्यालाही ओआरएसचे माप आणि या खुणा तितक्याच ठाऊक असायला हव्यात.

निघण्यापूर्वी आणखी चार गोष्टी पक्क्या कराव्यात. एक, घरात ओआरएसची पाच-सहा पाकिटे, झिंक आणि चालणारा थर्मामीटर. दोन, हाताशी थोडी रोकड आणि लेकरांची लसीकरण कार्डे एकाच पिशवीत. तीन, एका लेकराला घेऊन जावे लागले तर दुसऱ्यापाशी कोण बसेल आणि रात्री कोणाचे दार वाजवायचे, ते त्या माणसाला सांगून ठरवलेले असावे. चार, भिंतीवर आशाताईंचा नंबर आणि १०८. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका मोफत असून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचारही मोफत आहेत. ‘पैसे नाहीत, तो आल्यावर जाऊ’ म्हणत थांबण्याचे कारण उरलेले नाही.

या घरात सांगायचे ते निघतानाच सांगितले गेले होते. आईने १०८ लावला, शेजारच्या काकूंचे दार वाजवले. बाळ सासूबाई आणि काकूंपाशी ठेवून, ओआरएसचा पेला आणि कॅलेंडरचा कागद दाखवून ती निघाली. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी तो कागद एकदा वाचला आणि लगेच सलाइन सुरू केले. कधीपासून, किती वेळा, शेवटची शू केव्हा, हे विचारत बसावे लागले नाही.

पहाटे सहाला एका ढाब्यावरून नवऱ्याचा फोन आला. ‘मला न विचारता गेलीस’ असे तो म्हणाला नाही. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने एवढेच विचारले,

“शू केली का त्यानं?”

“आत्ताच केली बघा,” ती म्हणाली. “आता पाणी मागायलंय.”