जुने पुस्तक कपाटातून कधी काढावे?

आमच्या घरात पुस्तक असे नव्हतेच. त्यामुळे शाळेच्या कपाटातून जे येई, ते माझ्या दृष्टीने वेदवाक्य. पाचवीत सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत मी महाराष्ट्राचे जिल्हे २६ लिहिले. ती संख्या १९६० सालची. २०१४ साली पालघर जिल्हा झाल्यापासून ते ३६ आहेत. पुस्तक चुकू शकते, हे मनातही आले नव्हते.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सांगते की ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था आहे. सजीव म्हटले की पानगळ आलीच! कालबाह्य पुस्तक रीतसर कमी करणे म्हणजे निर्लेखन. पण केवळ वयावरून ते करू नये. वाचणारा फसेल का, एवढेच पाहावे. प्लूटोला नववा ग्रह म्हणणारे पुस्तक २००६ नंतर मुलांच्या हाती देऊ नये. उलट १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची, अनुस्वारांनी भरलेली 'श्यामची आई' असेल तर बांधणी करून ठेवावी. कुणी नेत नाही म्हणूनही पुस्तक काढू नये. कपाटालाच कुलूप असेल तर ते नेणार कोण?

खरी अडचण भीतीची असते. दाखल नोंदवहीतले पुस्तक कमी केले, तर जाब कोण देणार? म्हणून गुरुजी हात लावीत नाहीत. वास्तविक यादी करावी, मुख्याध्यापकांची मंजुरी घ्यावी, नोंदवहीत शेरा मारावा. नवे घ्यायला पैसे नसतील, तर निदान 'ही माहिती जुनी आहे' अशी चिठ्ठी आत चिकटवावी.

गेल्या दिवाळीत शाळेत गेलो होतो. माझे २६ जिल्ह्यांचे पुस्तक त्याच फळीवर होते.