टिकीचं मूळ कुठलं?

वऱ्हाडातल्या वरातीत बँजोपार्टीने ताल धरला की नवरदेवाचा घोडा जागचा हलत नाही. पण हा ‘बँजो’ मुळात जपानी! कळा दाबून तारा छेडायचं हे वाद्य गोरो मोरिता यांनी १९१२ साली काढलं. तिकडे ताइशोगोतो, इकडे बुलबुलतरंग. मूळ एकीकडचं आणि नाव भलतीकडचं, असा घोळ ‘टिकी’मध्ये तर नखशिखांत आहे.

टिकी म्हणजे बांबूची झोपडी, मशाली, लाकडी देवमूर्ती आणि कागदी छत्री खोचलेला पेला. वाटेल ताहितीचा, पण थाट हॉलीवूडचा. अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि अर्नेस्ट गँट या फिरस्त्याने हॉलीवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ हे बार-रेस्टॉरंट काढलं. सजावट पॅसिफिकची, रम कॅरिबियनची, जेवण चिनी!

गडी मात्र पक्का. बाटल्यांवर नावं नाहीत, सांकेतिक आकडे. मिसळणाऱ्यालाही पत्ता नाही. त्याचं ‘झॉम्बी’ हे कॉकटेल एका गिऱ्हाइकाला दोनच पेले मिळे. त्यातलं ‘डॉन्स मिक्स’ काय, हे टिकीचे अभ्यासक जेफ बेरी यांनी जुन्या नोकरांच्या वह्या धुंडाळून शोधलं. निघालं काय, तर ग्रेपफ्रूटचा रस आणि दालचिनीचा पाक! १९३४ची ती कृती छापून आली २००७ साली.

पुढे दुसऱ्या महायुद्धावरून परतलेले सैनिक, १९४७ची १०१ दिवसांची ‘कॉन-टिकी’ तराफ्याची सफर, १९५९ साली अमेरिकेचं राज्य झालेलं हवाई, १९६१चा एल्विसचा ‘ब्लू हवाई’ चित्रपट... लाट चढतच गेली. आपल्याकडेही नरिमन पॉइंटच्या ओबेरॉयमध्ये ‘आउटरिगर’ नावाचं पॉलिनेशियन रेस्टॉरंट होतं.

मूळ-नावाच्या या घोळात खरी मजा मात्र हवाईच्या गिटारची. तारांवर लोखंड घसरवून सूर लांबवायची हवाईयन युक्ती जोसेफ केकुकू यांच्या नावावर आहे. रुळाजवळ सापडलेल्या बोल्टाने सुचली, अशी कथा. पण आणखी एक दावेदार सांगतात: गेब्रियल डेव्हियन. हा म्हणे भारतात जन्मलेला, कुणा कप्तानाने पळवून होनोलुलूला नेलेला मुलगा. पुरावा तोकडा, पण विचित्र वीणेवर असाच गोटा फिरतो म्हटल्यावर कान टवकारतातच.

ती युक्ती पुढे भारतातही आली. सामोआत जन्मलेले टाउ मो १९४०च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहून वाजवत होते. मुंबईत लखनौचे व्हॅन शिप्ले हिंदी चित्रपटांच्या चाली हवाईयन गिटारवर वाजवत. त्यांच्या रेकॉर्डी घरोघरी गेल्या. शब्द नसलेलं ते गाणं ऐकताना आपण मनातल्या मनात ओळी जोडायचो, एवढं खरं. आणि १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि त्यांच्या बरोबरीने ब्रिजभूषण काबरा यांची गिटार, मांडीवर आडवी ठेवून थेट राग पहाडी!